खोडरबर चालवलेलं लॉगबुक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गाजलेल्या चित्रपटांच्या दुसऱ्या भागांवर आपण जो लेख छापलात, तो आवडीनं वाचला. लेखकाची भाषा छान आहे. पण अवकाशातल्या साहसपटांत शक्याशक्यता शोधणं हा रडीचा डाव आहे, प्रेक्षकानं पात्रांकडे लक्ष द्यावं आणि बाकीचं सोडून द्यावं, असा जो सल्ला त्यांनी शेवटी दिलाय तो काही पचला नाही. दुसरं कोणी लिहील म्हणून चार दिवस वाट पाहिली. कोणी लिहिलं नाही, तेव्हा मीच बसलो. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हातात आहे.

आधी माझी ओळख. मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होतो. पाचवा इंजिनीअर म्हणून चढलो आणि चीफ इंजिनीअर म्हणून उतरलो. ३१ वर्षं इंजिनरूममध्ये गेली. चित्रपटाचं व्याकरण मला येत नाही, पण बोट कशी चालते आणि बोटीवर माणसं कशी बदलतात, हे थोडंफार कळतं. अवकाशपटांची गोडी मला नातीनं लावली. ती नववीत आहे. तिच्याबरोबर 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' आतापर्यंत तीनदा पाहून झाला. हा २०१३ चा चित्रपट म्हणजे २००९ च्या 'स्टार ट्रेक'चा दुसरा भाग, दिग्दर्शक दोन्हींचे जे. जे. एब्रम्सच. तिसऱ्या वेळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पिक्चर बघताय की बोटीचा सर्व्हे करताय?"

सर्व्हेच करत होतो म्हणा. पण मी काही खडूस सर्व्हेअर नाही. प्रकाशापेक्षा वेगानं पळणारं जहाज मला मान्य आहे. माणूस एका चबुतऱ्यावर विरघळतो आणि दुसरीकडे उमटतो, तेही मान्य. टोकदार कानांचा अधिकारी तर मनापासून मान्य. गोष्ट सांगणारा सुरुवातीला जे नियम सांगतो ते मी निमूटपणे घेतो. माझं भांडण पुढचं आहे. स्वतःच घातलेले नियम तो सोयीप्रमाणे मोडतो, आणि असा नियम मोडला की दर वेळी कुठल्या तरी पात्राच्या खिशातून काहीतरी जातं. लेखकमहाशयांनी शक्याशक्यता एका खणात ठेवली आणि पात्रं दुसऱ्या. मी ३१ वर्षं एकच खण पाहिला.

चांगल्यापासून सुरू करतो. या चित्रपटातला सगळ्यात खरा वाटलेला प्रसंग सहीचा आहे. एंटरप्राइज हे त्यांचं जहाज निघायच्या तयारीत, ७२ टॉर्पेडो वर चढवायचे आहेत. कवच असं की उपकरणांना आतलं दिसत नाही, आणि आत काय आहे ते सांगायला कोणी तयार नाही. चीफ इंजिनीअर स्कॉटी म्हणतो, आत काय आहे ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही; माझ्या इंजिनाशेजारी ही वस्तू काय करेल ते मला ठाऊक नाही. कॅप्टन कर्क हट्टाला पेटलेला. स्कॉटी राजीनाम्याची भाषा करतो आणि कर्क तो राजीनामा घेऊन मोकळा होतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा फोर्थ इंजिनीअर होतो. बंदरात बंकर, म्हणजे इंजिनाचं तेल, घेणं चाललं होतं. बार्जवाल्याच्या हिशेबानं तेल पुरं आलं होतं. चीफनी मला टाकीत साउंडिंग टेप, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, सोडायला सांगितली. टेप वर ओढली तर तेलाच्या रेघेच्या वर बोटभर फेस, आणि खालच्या पितळी वजनाला बारीक बुडबुडे चिकटलेले. तेलात हवा फुंकून पातळी फुगवायचा हा धंदा जगभर चालतो. आमच्यात त्याला कॅपुचिनो म्हणतात. बोट बंदराबाहेर काढणारा पायलट चढायची वेळ झालेली. कॅप्टन वरून दोनदा विचारून गेलेले. बार्जचा माणूस पावती पुढे धरून उभा. चीफ हातातल्या रॅगनं टेप पुसत राहिले, सावकाश, वितीवितीनं. मग म्हणाले, "सही झाली की हे तेल माझं. टाकीत हवा किती तेही माझंच." त्यांनी तेल बसू दिलं, पुन्हा माप घेतलं, आकडा खाली आला. खरा आकडा पावतीवर लिहिला, त्याला लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, जोडलं आणि मग सही केली. बोट तीन तास उशिरा सुटली. कॅप्टन दोन दिवस चीफशी कामापलीकडे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः इंजिनरूममध्ये उतरले, तो फेस कसा ओळखायचा ते विचारायला. त्या सबंध कॉन्ट्रॅक्टमध्ये मी त्यांना खाली एवढं एकदाच पाहिलं.

त्या तीन तासांत मला चीफ कळले आणि कॅप्टनही कळले. सहीला किंमत होती म्हणून कळले. स्कॉटीचा प्रसंगही त्याच कारणानं जमलाय. त्या वेळेपर्यंत हा बडबड्या, विनोदी इसम होता. नकार दिला आणि तो चीफ इंजिनीअर झाला. एवढं सुंदर लिहिणाऱ्यांनी पुढच्याच मिनिटाला काय करावं? नकाशे आणि दिशा बघणाऱ्या चेकॉव्हला लाल शर्ट घालायला लावून खाली चीफ म्हणून धाडला! तो स्कॉटीच्या मागे हिंडून काम शिकत होता, अशी एक ओळ घातली आहे खरी. पण डेकचं लायसन्स वेगळं आणि इंजिनचं वेगळं, हे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या जागतिक करारातही आहे, आणि ते कागदी कौतुकासाठी नाही. इंजिनरूमला नवा चीफ पायऱ्यांवरच्या आवाजावरून कळतो. बरं, पाठवलात तर पाठवलात, मग त्या पोराचं काय झालं ते तरी दाखवा. लाल शर्टाचं नाव निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर भीतीची एक झाक येते (जुन्या मालिकेत लाल शर्टवाले हमखास मरायचे), ती झकास आहे. पुढे तो फक्त पळतो. इतक्या मोठ्या यंत्रापुढे एकटा पडलेला कोवळा मुलगा म्हणजे आख्खी उपकथा होती, ती बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या घाण पाण्यात, गेली.

आता कर्क. २००९ च्या भागात तो निलंबित कॅडेट असतो आणि शेवटी ताफ्यातल्या सर्वांत नामी जहाजाचा कॅप्टन होतो. आमच्याकडे मास्टरच्या, म्हणजे कॅप्टनच्या, परवान्यासाठी वॉचकीपिंग ऑफिसर म्हणून ३६ महिने समुद्रावर काढावे लागतात. त्यांतले १२ चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी, म्हणून गेले असतील तर २४ चालतात. आणि परवाना मिळाला म्हणून कोणी बोट हातात देत नाही. तरी पहिल्या भागात मी हसून सोडून दिलं. परीकथेत राजाचं अर्धं राज्य मिळतंच.

दुसऱ्या भागाची सुरुवात बघताना मात्र मी सावरून बसलो. वाटलं, यांना आपली चूक कळली आहे. निबिरू ग्रहावर ज्वालामुखी विझवताना स्पॉक, तो टोकदार कानांचा अधिकारी, आत अडकतो. त्याला वाचवायचं तर समुद्रात लपवलेलं जहाज तिथल्या आदिम लोकांच्या डोळ्यांसमोर वर काढावं लागणार, म्हणजे मागे राहिलेल्या लोकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही हा पहिला नियमच मोडणार. (अवकाशयान समुद्राच्या तळाशी लपवण्यावर स्कॉटी स्वतःच वैतागतो, तेव्हा माझ्या तोंडचा घास त्यानं काढला.) कर्क नियम मोडतो, मित्राला वाचवतो, इथवर ठीक. मग तो अहवालात ते लिहीतच नाही. स्पॉक मात्र सगळं खरं लिहितो. कर्कचा वडीलधारा पाइक त्याला समोर उभा करून झाडतो आणि जहाज काढून घेतलं जातं. कॅप्टनचा फर्स्ट ऑफिसर होतो, तोही पाइकनं शब्द टाकला म्हणून.

वा, म्हटलं. आता खरा चित्रपट सुरू होणार. पायरी उतरलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहून पुन्हा शिकताना बघायला मिळणार. मी असे दोन पाहिलेत. एक फुकट गेला, आणि दुसऱ्यासारखा कॅप्टन मला नंतर भेटला नाही. पण इथे त्याच रात्री वरिष्ठांच्या बैठकीवर हल्ला होतो, पाइक मरतो, आणि लगेच कर्क पुन्हा कॅप्टन! शिक्षा आणि माफी यांच्यात जेमतेम एक रात्र.

बोटीच्या लॉगबुकात शाईनं लिहितात. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला आद्याक्षरं. खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. नवा कॅडेट पहिल्या आठवड्यात ज्यावरून ओरडा खातो त्यांतली ही एक गोष्ट. कर्क अहवालात लपवाछपवी करतो म्हणून त्याला शिक्षा होते, आणि चित्रपट स्वतः तेच करतो. वीस मिनिटांपूर्वी लिहिलेलं पान तो असं पुसतो की कागदावर खूणही उरत नाही. त्यानंतर कर्क जे धाडस करतो ते शिक्षा झालेल्या माणसाचं आहे की न झालेल्याचं, तुम्ही ओळखून दाखवा.

अंतराचंही तेच. खलनायक हॅरिसन पृथ्वीवरून थेट क्रोनॉस या शत्रूच्या ग्रहावर उमटतो. पहिल्या भागातलं स्कॉटीचं सूत्र म्हणे त्याच्या हाती लागलंय. नातीनं ताबडतोब विचारलं, "मग कर्क पण तसाच का नाही जात? जहाज कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आख्ख्या नौदलाच्या पोटावर पाय आणणारा शोध एका पळून जाण्यापुरता वापरायचा आणि विसरायचा? एवढ्यावर थांबत नाही. कर्क क्रोनॉसजवळून पृथ्वीवर बसलेल्या स्कॉटीला संपर्कयंत्रावर फोन लावतो, आणि तो शेजारच्या गल्लीत लावावा तसा लागतो.

यावर लेखकमहाशय म्हणतील, लागू दे की फोन. मी समुद्रावर गेलो तेव्हा बोटीवरून बोलायचं तर रेडिओ ऑफिसरच्या खोलीबाहेर ताटकळावं लागे, आणि घरची पत्रं पुढच्या बंदरात एजंट घेऊन येई. वादळ चुकवायला वळसा घालायचा की नाही, आजारी माणसासाठी दुसऱ्या बंदराला तोंड फिरवायचं की नाही, हे कॅप्टन एकटा ठरवायचा आणि तीन आठवड्यांनी त्याचा जाब द्यायचा. ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवायच्या खोलीच्या, बाहेरच्या सज्जावर रात्री एकट्या उभ्या असलेल्या कॅप्टनच्या पाठीकडे बघूनच आम्हाला त्याचा स्वभाव कळायचा. उपग्रह फोन आला, मग ईमेल आली, आणि कॅप्टनचं निम्मं कॅप्टनपण किनाऱ्यावरच्या ऑफिसात जाऊन बसलं. बोटी सुरक्षित झाल्या असतील, मी ते दिवस परत मागत नाही. पण अवकाशातल्या कॅप्टनची कथा ही लांब असण्याचीच कथा आहे. फोन लागला की त्या खुर्चीतला एकटेपणा गेला. मग त्यात कोणीही बसलं तरी काय फरक पडतो?

आता तो कोसळण्याचा प्रसंग. नातीची माझी जोरदार जुंपली ती इथेच. लढाईत मोडलेलं एंटरप्राइज चंद्राच्या टापूतून पृथ्वीवर कोसळायला लागतं आणि काही मिनिटांत ढगांत शिरतं. मी म्हटलं, एवढ्या लवकर नाही पडणार. ती म्हणाली, सिद्ध करा. केप्लरच्या तिसऱ्या नियमानं गणित सोपं आहे. चंद्राची प्रदक्षिणा २७.३ दिवसांची. त्याच अंतरावरून एखादी स्थिर वस्तू सोडली तर ती पृथ्वीवर पोचायला त्या काळाला ३२ च्या वर्गमुळानं, म्हणजे ५.६६ नं भागायचं. उत्तर ४.८ दिवस. ती म्हणाली, अंतर निम्मं धरा. धरलं. तरी ४१ तास. मग तिनं हुकमी पान काढलं: जहाज आधीपासूनच वेगात असेल तर? असेल बापडं. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. ते दहा मिनिटांत कापायला सेकंदाला ६४० किलोमीटर वेग हवा. अपोलोच्या कुप्या परतताना सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास वेगानं हवेत शिरायच्या, आणि तेवढ्यानं त्यांच्या तळाचं कवच जळून झिजायचं. ६४० च्या वेगानं आलेल्या जहाजाची राखही सापडली नसती.

शिवाय पडणाऱ्या जहाजात आतली माणसं भिंतींवरून घसरतात, कठड्याला लोंबकळतात. हवेत शिरण्याआधी जहाज आणि माणूस दोघेही सारख्याच वेगानं पडत असतात, त्यामुळे आतल्याला खाली-वर असं काही उरतच नाही. यंत्रानं तयार केलेलं गुरुत्व बंद पडलं तर सगळे तरंगायला हवेत. नात म्हणाली, तरंगणारी माणसं घाबरलेली वाटली नसती. यात तथ्य आहे, मी मान्य करतो.

पण त्या ४१ तासांचा विचार करा. पाच दिवस नकोत, ४१ तासच घ्या. इंजिन बंद, प्रकाश कमी, खिडकीत पृथ्वी दर तासाला थोडी थोडी मोठी होते आहे, आणि करण्यासारखं फारच थोडं आहे. कोण झोपतो? कोण उगाच बोल्ट घट्ट करत बसतो? कोण कोणाची माफी मागतो? लिहिणाऱ्याच्या हातात हा खजिना आला होता, आणि त्यानं तो पाच मिनिटांच्या आदळआपटीवर उडवला.

असे तास खरोखर घडलेले आहेत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर उड्डाणानंतर सुमारे ५६ तासांनी ऑक्सिजनची टाकी फुटली आणि यान समुद्रात उतरेपर्यंत आणखी ८७ तास गेले. आत तिघे: लव्हेल, स्विगर्ट, हेझ. यांपैकी स्विगर्ट हा राखीव गडी. मूळचा मॅटिंगली गोवर झालेल्याच्या, नेमकं म्हणजे जर्मन गोवरच्या, संपर्कात आला म्हणून उड्डाणाच्या तोंडावर त्याच्या जागी हा आला. (चेकॉव्हला खाली पाठवणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं. नव्या माणसाला ऐनवेळी चढवणं म्हणजे काय, याचा सगळा ताण त्यात आहे.) तिघे चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानात जाऊन बसले. ते दोघांना दोन दिवस पुरेल अशा बेतानं बांधलेलं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे तिथे अपुरे. मुख्य यानात होते, पण ते चौकोनी आणि इकडची बसवायची जागा गोल. जमिनीवरच्या लोकांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अवकाशपोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांची जोडणी बसवून पाहिली आणि कृती रेडिओवरून वाचून दाखवली. वर त्यांनी ती हातांनी केली. इंजिनरूममध्ये ज्यानं कधी गळती थांबवायचं पॅकिंग संपल्यावर दुसऱ्याच कशाचं तरी पॅकिंग कापलंय, त्याला हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या डब्याच्या गोष्टीत एकही स्फोट नाही.

आता मरणाकडे येतो. इथे मला हात आवरता येणार नाही.

जहाज वाचवायला कोणीतरी किरणोत्सर्गानं भरलेल्या गाभ्यात शिरायला हवं. स्कॉटी दार उघडू देत नाही. वर चढेपर्यंतच मरशील, म्हणतो. कर्क त्याला ठोसा मारून झोपवतो, आत जातो आणि सरकलेला भाग लाथा घालून जागेवर बसवतो. लाथांबद्दल माझी तक्रार नाही, मीही काही पंप तसेच सुरू केलेत. मरायला टेकलेला कर्क काचेआड, स्पॉक बाहेर, काचेवर दोघांचे हात. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' मध्ये स्पॉक आत होता आणि कर्क बाहेर. इथे जागा बदलल्या आहेत.

मी पाचवा इंजिनीअर असताना आमचा फिटर एका रिकाम्या बॅलास्ट टाकीत, बोट स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी भरतात तिच्यात, उतरला. टाकी बरेच महिने बंद होती. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं, हे आम्ही सगळे पुस्तकात शिकलो होतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १० च्या खाली गेला की माणसाला आपण बेशुद्ध पडतोय हेही कळत नाही. फिटर शिडीच्या पहिल्या टप्प्यावर पडलेला मॅनहोलमधून दिसत होता. बॅटरीच्या उजेडात त्याचा पिवळा हातमोजा दिसत होता. आमचा ऑइलर आत झेपावला. सेकंड इंजिनीअरनी त्याची बॉयलर सूटची कॉलर मागून धरली आणि त्याला ओढून डेकवर आपटला. ऑइलर शिव्या देत होता, रडत होता. सेकंड मॅनहोलवर दोन्ही पाय रोवून उभे राहिले, एअर सेट, म्हणजे पाठीवरचे हवेचे संच, येईपर्यंत कोणालाही आत जाऊ दिलं नाही. असे अपघात नोंदवलेले असतात त्यांत वाचवायला गेलेलेच पुष्कळदा मेलेले असतात, हे आज प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. २०१५ पासून बंदिस्त जागेत शिरण्याची कवायत दर दोन महिन्यांनी करणं जगभर सक्तीचं आहे. आमच्या वेळी हा धोका एकट्या सेकंडना ठाऊक होता. एअर सेट आले, फिटरला वर काढलं. तो उठला नाही.

आमचे सेकंड मोठे गमत्ये होते. उरलेल्या चार महिन्यांत गॅस मीटर त्यांच्या गळ्यातून उतरला नाही, जेवणघरातसुद्धा. कोणी हसलं तर ते हसायचे. पण मॅनहोलचं झाकण उघडं दिसलं की बोलता बोलता गप्प व्हायचे. पात्राचा विकास म्हणून समीक्षक जे काही म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं, आणि ते सगळं फिटर उठला नाही या एका गोष्टीवर उभं होतं.

चित्रपटात कर्क उठतो. खानच्या (हॅरिसनचं खरं नाव हेच) रक्तात मेलेल्यांना जिवंत करण्याची शक्ती आहे. डॉक्टर मकॉय यांनी ते आधी ट्रिबल नावाच्या एका मेलेल्या केसाळ प्राण्याला टोचून ठेवलेलं असतं, इतक्या उघडपणे की नातीनं तेव्हाच सांगितलं होतं, "हे शेवटी कर्कला देणार." दिलं. दोन आठवड्यांत साहेब पलंगावर बसून विनोद करतायत. मला त्याचं जिवंत होणं खुपत नाही. १९८२ च्या स्पॉकलाही १९८४ च्या पुढच्या भागात परत आणलाच होता. पण मध्ये दोन वर्षं गेली, आणि त्याला शोधायला कर्कनं पुढच्या चित्रपटात जहाज गमावलं, मुलगा गमावला. जुन्या चित्रपटातला कर्क वय झालेला, चष्मा लागलेला, आजवर मरणाला सामोरा न जाता फसवून निसटलेला माणूस आहे, आणि तो स्वतः तसं कबूल करतो. नव्या कर्कला कबूल करायला वेळच मिळत नाही.

आणि शक्याशक्यतेचा हिशेब बघा. ते रक्त आता दवाखान्यात आहे. खान आणि त्याची ७२ माणसं (त्या टॉर्पेडोंत दडवलेली तीच) गोठवून ठेवलेली आहेत. म्हणजे यापुढे या विश्वात कोणी मरायचं कारण नाही. २०१६ च्या तिसऱ्या भागात एंटरप्राइजवरची कितीतरी माणसं मरतात, आणि ते रक्त कोणाला आठवतही नाही. लेखकांनाच ते विसरावं लागलं, नाहीतर पुढे कथा उरली नसती.

स्पॉकबद्दल चांगलं लिहायचं राहिलं. क्रोनॉसकडे जाताना छोट्या यानात उहुरा, त्याची प्रेयसी, त्याच्यावर चिडते. ज्वालामुखीत तू मरायला तयार होतास, माझा विचार केला नाहीस, म्हणते. तो शांतपणे सांगतो की पाइक मरताना आपण त्याच्या मनाशी जोडले गेलो होतो. त्याचा राग, गोंधळ, एकटेपणा, भीती हे सगळं आपल्याला जाणवलं. आपला ग्रह नष्ट झाला तेव्हा हेच जाणवलं होतं, आणि पुन्हा कधी जाणवू नये असं आपण ठरवलं. दोनच मिनिटांचं बोलणं आहे. पण पहिल्या भागातला ग्रहाचा नाश इथे पुसला गेलेला नाही. तो स्पॉकच्या आत शाईनं लिहिलेला आहे, आणि म्हणूनच काचेपाशी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते मला पटतं. (लगेच नंतरची ती किंकाळी आणि मारामारी नसती तर बरं झालं असतं. असो.)

अ‍ॅडमिरल मार्कसबद्दल लिहीत नाही. युद्ध पेटवायला निघालेला वरिष्ठ अधिकारी इतक्या चित्रपटांत बघितलाय की त्याचं तोंड लक्षात राहत नाही. त्याच्या मुलीला, जी शस्त्रतज्ज्ञ आहे, उगाच कपडे बदलताना दाखवलंय. नातीबरोबर बसून ते बघताना मी पेन्सिलीला टोक करायला उठलो. सहलेखक डेमन लिंडेलॉफ यांनी त्याबद्दल पुढे जाहीर दिलगिरी व्यक्त केली, तेवढं बरं केलं.

लेखकमहाशयांना एक विनंती. पुढच्या वेळी अशा चित्रपटावर लिहाल तेव्हा स्कॉटी सही नाकारतो तो प्रसंग आणि कर्क पलंगावर उठून बसतो तो प्रसंग लागोपाठ बघा, आणि दुसऱ्यात त्या खोलीतल्या कोणाचं काय पणाला लागलंय ते मला कळवा.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर
(नाव छापू नये.)

ता. क. ४१ तासांचं गणित नातीनं स्वतः पुन्हा करून पाहिलं आहे. तो कागद सोबत जोडतोय. त्यातली खाडाखोड तिची आहे. प्रत्येक ठिकाणी एकच आडवी रेघ मारायला लावली आहे.